विद्यार्थीदशा, टेपरेकॉर्डर आणि मी

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांचा मला निरोप आला की, या वेळी विद्यार्थ्यांसमोर 'शिक्षण आणि आधुनिक तंत्रज्ञान' या विषयावर दोन शब्द बोलावेत. मी त्यांना म्हटले, मी बँकेतला साधा कारकून, त्यातही कला शाखेचा पदवीधर. मला तंत्रज्ञानातले काय कळते? ते म्हणाले, "तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसता ना?" आता कॉम्प्युटरसमोर बसणारा प्रत्येक जण तंत्रज्ञ ठरला, तर एस.टी.च्या पुढच्या सीटवर बसणारा प्रत्येक प्रवासी ड्रायव्हर म्हणावा लागेल. असो. मोठ्यांचा शब्द मोडवत नाही, म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

मात्र एका बाबतीत येथे बोलण्याचा मला थोडाफार अधिकार पोहोचतो. तो असा की, मी आजही विद्यार्थी आहे. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. नोकरी-धंदा करणाऱ्यांना, संसारात अडकलेल्या बायाबापड्यांना घरी बसून शिकता यावे यासाठी ते निघाले. त्याच विद्यापीठातून मी सध्या एम.ए. करीत आहे. पहिल्या पेपरला मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा दारातल्या शिपायाने मला अदबीने विचारले, "सर, सुपरव्हिजन कोणत्या ब्लॉकला?" मी त्याला हॉल तिकीट दाखवले. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण.

तेव्हा फायदे-तोटे मांडणारा निबंध मी वाचणार नाही. विद्यार्थी म्हणून माझ्या हातून जे घडले, त्यातले एक बरे आणि एक वाईट, ते आपल्यापुढे ठेवणार आहे. वास्तविक ही दोन्ही एकच गोष्ट आहे.

माझे बालपण आणि कॉलेजचे शिक्षण मनमाडला झाले. मनमाड म्हटले की इतरांना रेल्वेचे जंक्शन आठवते. आम्हा मनमाडकरांना आधी पाणी आठवते. वाघदर्डी धरण आटले की नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचे. तेही कधी रात्री दोनला, कधी पहाटे. घरातला एक माणूस हंड्यांपाशी बसवावाच लागे आणि तो माणूस बहुतेक वेळा मी असे, कारण "याला काय, पुस्तक तर कुठंही वाचता येतं" असे आईचे म्हणणे. दहावीचा भूगोल मी त्या रांगेतच संपवला. महाराष्ट्रातल्या नद्यांचा धडा कोरड्या हंड्याला टेकून वाचला की चांगला पाठ होतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

वडील रेल्वेच्या इंजिनिअरिंग कारखान्यात खलाशी होते. पुलांचे गर्डर जिथे तयार होतात तो हा कारखाना. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. शिक्षण चौथी पास. आयुष्यभर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज ऐकून त्यांचे कान थोडे बधिर झाले होते. काही सांगितले की म्हणायचे, "परत बोल." आम्हा भावंडांना त्याचा फार राग यायचा. दोन-दोनदा, तीन-तीनदा तेच सांगावे लागे. पण हाच माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन पेटी उघडून बसला की ढोलकीची एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी त्याला ऐकू येई!

वस्तीत पाच-सहा जणांची गायन पार्टी होती. पेटीवर अण्णा, ढोलकीवर आमच्याच गल्लीतले एक काका, बाकीचे कोरसला. पार्टीला नाव नव्हते, बॅनर नव्हता. जयंतीला, लग्नाला, नामकरणाला बोलावणे आले की जायचे. काका दिवसा फूड कॉर्पोरेशनच्या गोदामावर पोती उचलत. ज्या हातांनी पोती उचलली त्याच हातांनी रात्री ढोलकी वाजवत. त्यांना 'उद्या वाजवू' म्हणताना मी कधी ऐकले नाही.

आमच्या घरात पुस्तकांचे कपाट नव्हते. होती ती अण्णांची गाण्याची वही. कोऱ्या पाठीचे जुने कागद दाभणाने शिवून केलेली, लांबट. अक्षर मोठे, ऱ्हस्व-दीर्घाशी फारकत घेतलेले. पाचवीपासून त्या वहीतली गाणी सुवाच्य अक्षरात उतरवून देण्याचे काम माझ्याकडे आले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा, हे शाळेच्या पुस्तकात भेटण्याआधी मला त्या वहीत भेटले. माझे शुद्धलेखन सुधारले ते अण्णांच्या चुका दुरुस्त करता करता. कोणी तक्रार करते की मुलगा गाण्या-बजावण्यात वेळ घालवतो, अभ्यास करीत नाही. तेव्हा मला ही वही आठवते. बाबासाहेबांसारख्या अहोरात्र वाचणाऱ्या माणसानेही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. पण आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की पहिली गोष्ट कोणती होत असेल, तर मुलाची ढोलकी माळ्यावर जाते.

लोककवी वामनदादा कर्डक आमच्याच नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. शाळेत न गेलेला हा माणूस मुंबईला आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत-वाचत अक्षरे शिकला आणि पुढे हजारो गीते लिहून गेला. २००४ साली वामनदादा गेले. प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी गेले. अण्णांनी त्या वर्षी पेटी फार कमी वेळा उघडली. मी लहान असताना मात्र वामनदादांचे नाव घरात निघे ते बहुधा माझ्या प्रगतिपुस्तकाच्या निमित्ताने. "त्यांना पाटी वाचून येतं, तुला मास्तर शिकवून येईना?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते.

आता तंत्रज्ञानाकडे वळतो. आमच्या घरात शिरलेले पहिले आधुनिक यंत्र म्हणजे टेपरेकॉर्डर. १९९१ साली अण्णांनी पतपेढीचे कर्ज काढून टू-इन-वन घेतला. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला कॅसेट. आज बक्षीस घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी कॅसेट हातात धरली नसेल, म्हणून थोडे समजावून सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावर अवलंबून आहे.

कॅसेटच्या आत दोन चक्रे असतात आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. रेकॉर्डिंग करताना ही फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि लगेच लिहिणाऱ्या हेडवरून. म्हणजे जुने पुसणे आणि नवे भरणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत, बोटभर अंतराने होतात. "हे पुसू का?" असे ते यंत्र विचारत नाही. चुकून काही पुसले जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन इवलेसे तुकडे असत. ते मोडून टाकले की रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नसे. पण तिथे पडलेली भोके चिकटपट्टीने बुजवली की बटण पुन्हा दाबले जाई. ही युक्ती त्या काळच्या प्रत्येक पोराला माहीत होती.

१९९३ च्या जयंतीला आमच्या पार्टीचा कार्यक्रम चांगला रंगला होता. वस्तीतल्या एकाने टू-इन-वन स्टेजच्या कडेला ठेवून तो भरून घेतला. एका बाजूला अर्धा तास, दुसऱ्या बाजूला अर्धा तास. अण्णांनी तिच्यावर निळ्या बॉलपेनने 'जयंती ९३' असे लिहिले आणि स्वतःच्या हाताने ते दोन्ही तुकडे मोडले. पार्टीचे तेवढे एकच रेकॉर्डिंग होते. पुन्हा भरू, असे सगळेच म्हणत. भरले कोणी नाही.

माझे म्हणाल तर १९९७ ला दहावी, १९९९ ला बारावी आणि २००० साली एफ.वाय.बी.ए.च्या निकालात अनिवार्य इंग्रजीत १०० पैकी २८. बाकी विषय सुटले, इंग्रजी राहिले. त्या वेळी आमच्या वस्तीच्या विहारात एक निवृत्त मुख्याध्यापक दर रविवारी मुलांना इंग्रजी शिकवायला येत. फी नाही, चहासुद्धा घेत नसत. सर शिकवत तेव्हा सगळे कळे, घरी आलो की काही आठवत नसे. अशातच सरांनी सांगितले की, संक्रांतीनंतर ते मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार. माझ्या पोटात गोळा आला. दोनच रविवार उरले होते.

कोऱ्या कॅसेटला पैसे मागायची सोय नव्हती. नापास मुलाने घरात काय मागायचे? ट्रंकेत तीन कॅसेटी होत्या. दोन विकतच्या, अण्णांच्या जिवापलीकडच्या. तिसरी 'जयंती ९३'. मी विचार केला, आणि तो विचार मला आजही शब्दशः आठवतो: पार्टी काय, पुढच्या वर्षीही गाईल, सर पुन्हा येणार नाहीत. विचार चुकीचा होता असे आजही ठामपणे म्हणवत नाही. फक्त मी अण्णांना विचारले नाही. चिकटपट्टी लावली.

सरांना मशीन पाहून गंमत वाटली. ते नेहमीपेक्षा ताठ बसले आणि सावकाश बोलले. पहिल्या रविवारी काळ, दुसऱ्या रविवारी डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच. दोन्ही बाजू भरल्या. दुसऱ्या बाजूला थोडी फीत शिल्लक राहिली तेव्हा सर म्हणाले, "बस्स, आता अभ्यास तू कर," आणि उठले.

त्या कॅसेटवर मी तीन महिने अभ्यास केला. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, मोठ्याने म्हणायचे, मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे, मग वहीत लिहायचे. मागे नेण्याचे बटण अखेर इतके सैल झाले की कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीने फिरवावी लागे. पुढच्या परीक्षेत मला ५१ मार्क पडले. ते ५१ मार्क पुढे मला बी.ए.पर्यंत आणि काही वर्षे खासगी नोकऱ्या व शिकवण्या करून झाल्यावर २००९ साली बँकेच्या परीक्षेपर्यंत घेऊन आले. तेव्हा तंत्रज्ञानाने मला काय दिले असे कोणी विचारले, तर मी बँकेतला कॉम्प्युटर दाखवणार नाही. ते सैल झालेले बटण दाखवीन.

आणि अशी थांबून-थांबून ऐकण्याची पद्धत मी कोठे शिकलो? कॉलेजात नव्हे. अण्णांची पार्टी नवी चाल बसवायची ती अशीच. विकतची कॅसेट लावायची, एक ओळ ऐकायची, बंद करायची, म्हणून पाहायची. काका म्हणायचे, "परत लाव. सम चुकली." दहा वेळा, वीस वेळा, कंटाळा नाही. मी कोपऱ्यात अभ्यासाला बसून ते सारे पाहत होतो. ज्यांच्या तालमीतून ही पद्धत उचलली त्यांच्याच गाण्यांवर मी इंग्रजी भरून टाकले, हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षे लागली.

२००३ च्या उन्हाळ्यात काका गेले. गोदामावरच छातीत कळ आली. जलदान विधी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी त्यांचा मुलगा आमच्या घरी आला. तो माझ्याच वयाचा, बारावीनंतर शिक्षण सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून जात होता. म्हणाला, "अण्णा, ती जयंतीची कॅसेट लावता का? बापाची ढोलकी ऐकायची आहे."

अण्णा उठले, ट्रंकेतून कॅसेट काढली. मी तिथेच होतो. त्यांना थांबवायला मला तोंड नव्हते. बटण दाबले आणि सरांचा आवाज सुरू झाला. ही सेड दॅट ही वॉज गोइंग. अण्णांना नीट ऐकू आले नसावे, म्हणून त्यांनी आवाज वाढवला. घरात आम्ही सहा माणसे इनडायरेक्ट स्पीच ऐकत बसलो होतो. अण्णांनी एकदा कॅसेटच्या कडेची चिकटपट्टी पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिले. आणि त्या मुलाला म्हणाले, "चांगलं शिकवतात सर." एवढेच. त्यांनी मला मारले असते, शिव्या घातल्या असत्या, तर बरे झाले असते असे मला पुढे अनेकदा वाटले.

मीच मग पुढे होऊन फीत शेवटपर्यंत नेली. सर "बस्स" म्हणून उठले त्यानंतर खडखड झाली आणि एकाएकी १९९३ ची जयंती आली. एका गाण्याचा शेवटचा कोरस, त्यामागे काकांची ढोलकी, टाळ्या, मग अण्णांचे खोकणे आणि कोणीतरी "पाणी द्या रे" म्हणतो ते. सगळे मिळून दोन मिनिटेही नसतील. तो मुलगा म्हणाला, "परत लाव." मी परत लावले. त्या दिवशी ती दोन मिनिटे मी किती वेळा मागे नेली ते मोजले नाही.

अण्णांनी त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. २०१३ साली ते गेले. पेटी माझ्याकडे आहे, मला वाजवता येत नाही.

मित्रहो, ही गोष्ट मी सांगतो आहे ती तुम्हाला रडवण्यासाठी नव्हे. तुमच्या हातात आज जे यंत्र आहे त्यात माझ्या टू-इन-वनसारखे शेकडो टू-इन-वन मावतील. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ते वस्तीवस्तीत आले. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. आमच्या घरात एक मोबाईल होता म्हणून ती शिकली. शेजारच्या घरात तोही नव्हता, म्हणून तिथली दोन मुले आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि तिघे मिळून एका हाताएवढ्या पडद्यावर गणित शिकत. तेव्हा मोबाईल वाईट, मोबाईलने पिढी बिघडवली, असे सरसकट म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मला फक्त एका गोष्टीचे नवल वाटते. मुलगी आता बारावीत आहे. ती रेकॉर्ड केलेली लेक्चर दुप्पट वेगाने ऐकते. सर ससाण्यासारखे सुसाट निघालेले असतात. मी विचारले, हे काय? म्हणाली, "पप्पा, वेळ वाचतो." मी म्हटले, थांबवून मागे नेतेस का कधी? म्हणाली, "नाही, तसं कोण करतं?"

आणि मी तरी कोणता शहाणा? एम.ए.ची चाळीसेक लेक्चर माझ्या मोबाईलमध्ये उतरवून ठेवली आहेत. नोट्सच्या पीडीएफ किती, त्याला गणती नाही. त्यातली ऐकली तीन. उतरवून घेतले की अभ्यास झाल्यासारखे वाटते. एकाच कॅसेटवर तीन महिने काढलेला मुलगा आणि हा चाळीस लेक्चरांचा मालक एकच माणूस आहे, यावर माझाच विश्वास बसत नाही.

आता थोडे बँकेतले सांगतो. हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, आणि येथे बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्याही. दोन वर्षांपूर्वी नर्सिंग करणारी एक मुलगी आमच्या शाखेत आली. भारत सरकारची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचे दिसते, पण खात्यात पैसे नाहीत. मी खाते उघडून पाहिले आणि सांगितले, "इथे काही आलेले नाही, कॉलेजात विचारा." कॉलेजवाले म्हणाले, बँकेत विचारा. ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. प्रत्येक वेळी माझ्यासमोर दहा माणसांची रांग आणि तोंडात तेच उत्तर. चौथ्या वेळी ती जेवणाच्या सुट्टीनंतर आली. काउंटर मोकळे होते. मी म्हटले, सगळे पहिल्यापासून सांगा. तिने सांगितले आणि त्यात एक वाक्य होते, "सर, माझं गावाकडंही एक जुनं खातं आहे." मी म्हटले, हे आधी का नाही सांगितले? ती म्हणाली, "सर, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

तेथेच घोळ होता. आधार क्रमांक कितीही खात्यांना दिलेला असो, शासनाकडून आधारच्या आधारे येणारी रक्कम एकाच खात्यात जाते. राष्ट्रीय पातळीवर त्याची एक नोंद असते आणि त्या नोंदीत ज्या बँकेचे नाव शेवटी लागले असेल तेथे पैसे पोहोचतात, तुम्ही अर्जात कोणते खाते लिहिले याकडे न पाहता. तिची नोंद गावच्या बँकेकडे होती. सात महिने पैसे तिथे पडून होते. दरम्यान फी भरण्यासाठी तिच्या आईने गळ्यातली पोत गहाण ठेवली होती. शिष्यवृत्ती मिळाली, पोतीवरचे सात महिन्यांचे व्याज कोणी परत केले नाही. पहिल्या दिवशी तिचे बोलणे मी शेवटपर्यंत ऐकले असते, तर त्यातले निम्म्याहून अधिक वाचले असते. अण्णांचे कान बधिर होते म्हणून ते "परत बोल" म्हणत. माझे कान चांगले आहेत, तर मी म्हणतो, "पुढचे कोण?"

म्हणून सांगतो, आधारच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून, मोबाईलवर येणारा ओटीपी दिला की आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते दोन मिनिटांत कळते. रील बनवायला याहून जास्त वेळ लागतो. मात्र आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे. आपल्यापैकी अनेकांचा तो वडिलांचा जुना, कधीच बंद पडलेला नंबर असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी एवढे पाहावे. आणि काउंटरवरच्या माणसाने हाकलले तर दुसऱ्या वेळी कागदावर लिहून न्यावे, त्याला वाचावेच लागते. हे मी आमच्याच लोकांविरुद्ध सांगतो आहे, पण सांगतो.

ती कॅसेट अजून आहे. लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलीने जुना टू-इन-वन दुरुस्त करून आणायला लावला, वायर जोडली आणि शेवटची ती दोन मिनिटे कॉम्प्युटरवर घेतली. खरखर थोडी कमी केली. मी म्हटले, सरांचेही घे. तर तिने पूर्ण तासभर घेतले, आणि त्या वेळी मी पहिल्यांदा बारकाईने ऐकले: सर "बस्स" म्हणतात त्याच्या मागे विहाराबाहेर कोणाची तरी ढोलकी वाजते आहे. काकांचीच असेल असे मी म्हणणार नाही; जानेवारीत वस्तीत लग्नेही असतात. काकांच्या मुलाला मी ती दोन मिनिटे व्हॉट्सअॅपवर पाठवली. तो आता स्वतःच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याने ती रिंगटोन म्हणून लावली. मी फोन केला की ती त्याच्या खिशात वाजते. कधी कधी तो मुद्दाम फोन लवकर उचलत नाही, असा मला संशय आहे.

शेवटी दोन सूचना देऊन मी माझे बोलणे संपवतो. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या अभ्यासिकेत आपल्याकडचे दोन ज्येष्ठ गायक त्यांच्या गाण्याच्या वह्या घेऊन येणार आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. विद्यार्थ्यांनी मोबाईल चार्ज करून यावे आणि मेमरी मोकळी करून यावे. मोकळी करताना काय पुसतो ते एकदा उघडून पाहावे, आणि ते दुसऱ्याचे असेल तर त्याला विचारावे. गायकांपैकी एकांना कमी ऐकू येते, तेव्हा प्रश्न मोठ्याने विचारावे लागतील, कदाचित दोनदा.

दुसरे असे की, ज्यांच्या शिष्यवृत्तीची काही अडचण असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. मी मागच्या दाराजवळच्या टेबलापाशी बसतो आहे. सोबत पासबुक आणि आधार कार्ड असेल तर उत्तम, नसेल तरी या. आज रविवार आहे, माझ्यामागे रांग नाही.

जयभीम.